जीभ दाखव बघू

माझा स्वभाव संशयी. घरचे चिडवतात, देवानं दिलेले गहूसुद्धा ही चाळून घेईल. घेईनच. पनवेलच्या एका लहानशा हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या मुलांजवळ मी बसते, ती भुलीतून शुद्धीवर येईपर्यंत. नुसत्या मशीनवर भागलं असतं तर मला पगार कशाला दिला असता? मशीन श्वास मोजतं, ठोके मोजतं. पोर खरंच जागं झालंय की नुसते डोळे फिरवतंय, ते त्याला कळत नाही.

शुद्धीवर येणारं मूल भांडतं. सलाईन ओढतं, आईला हाका मारतं, मला लाथ घालतं. लाथ बसली की मी खूश. गप्प पडलेल्या मुलाचा मात्र मला भरवसा वाटत नाही.

त्या दिवशी उरणकडच्या कोळीवाड्यातली पाच वर्षांची मुलगी होती, हर्नियाचं ऑपरेशन झालेली. ती चुळबुळायला लागली तशी मी तिच्या आजीला आत घेतलं. घरचं एक माणूस आम्ही जवळ बसू देतो, पोर बुजत नाही. आजी मशीनकडे डोळे वटारून बघत होती.

"उठंल ना ग बाय?"

"उठेल, आजी. तोंडात काही द्यायचं नाही हं, पाणीसुद्धा नाही."

तिने मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा मुलगा ओकला, म्हणून मी तिकडे वळले.

परत आले तर मुलगी एकदम गप्प. "माझं बोट दाब," म्हटलं. दाबलं. "जीभ दाखव बघू." नाही. पुन्हा सांगितलं. ओठ घट्ट. मशीनवरचे आकडे उत्तम. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "छान आहे, वॉर्डात पाठवा." छान कसलं? पोर एक ऐकतं आणि दुसरं ऐकत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. मी तिच्या तोंडाशी कान नेला. श्वासात बारीक घरघर होती.

"आजी, काय दिलंत तिला?"

"काय नाय."

"आजी!"

"खायाला नाय दिला. आईचा परसाद हाय. आमी पयला देवाचाच तोंडात घालताव."

मुलीला कुशीवर वळवलं, हनुवटी दाबली आणि गालातून बोटाने खोबऱ्याचा तुकडा काढला. एक ठसका लागला असता तर तो थेट श्वासनलिकेत गेला असता. माझं डोकं तापलं. आजीला चार शब्द सुनावून मी बाहेर काढलं.

मुलगी किंचाळायला लागली. जीभ, दात, पडजीभ, सगळं दिसलं. "आजे! आजे!" थांबेचना. आता टाके ताणले जायची भीती. शेवटी नाइलाजाने मी दार उघडलं. आजी दाराला चिकटूनच उभी होती.

"रडतंय म्हंजे उठली ना? मना वाटला, तुमी खोटा सांगता."

म्हणजे ही बाई मघापासून माझ्यावरच संशय घेत होती! राग यायला हवा होता, पण मला वाटलं, चला, आपल्या जातकुळीचं कुणीतरी भेटलं.

"हात दाखवा," मी म्हटलं. तिने तळवे पुढे केले. पदराची गाठही सोडायला लावली. गाठीत काही नव्हतं. मग मी नातीचा हात तिच्या हातात दिला, आणि तरीही तिथून हलले नाही.