पनवेलच्या शेंगा आणि माझं फुगलेलं पोट

खोपोली मागे टाकून एस.टी. सपाटीला लागली आणि माझ्या पिशवीतल्या मुगांनी दगा दिला. ओल्या फडक्यात बांधून, डब्यात घालून मोड यायला ठेवलेले मूग होते ते. वळणावर डबा कलंडला आणि त्यातलं सगळं पाणी शेजारच्या गृहस्थांच्या परीटघडीच्या धोतरावर सांडलं. ते दचकून उभे राहिले.

"बाई, हे काय?"

"मूग आहेत, मोडाचे. प्रकृतीला फार चांगले."

"कुणाच्या प्रकृतीला?" त्यांनी धोतर पिळत विचारलं.

मी शाळेत मुलींना पाठ शिकवते, उलट उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही. पण त्या वेळी मी निमूटपणे डबा सरळ केला. ज्या प्रकृतीसाठी मी कराडहून पनवेलला निघाले होते ती याच मुगांवर चालली होती आणि तिची अवस्था काही सांगण्यासारखी नव्हती.

माझी आई पोटातल्या गाठीनं गेली. तेव्हापासून मी अन्नाच्या बाबतीत कडक झाले. हातसडीचा तांदूळ, कच्चे मोड आलेले मूग, गाजर-मुळ्याची कोशिंबीर, दूध, फळं. तळलेलं बंद आणि चहाही बंद. शिक्षकांच्या खोलीत माझ्या डब्याची यथेच्छ थट्टा होई. इतकं करूनही जेवण झालं की माझं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. दुपारच्या तासाला फळ्यापाशी उभं राहवत नसे. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी तपासून, फोटो काढून, पोटात काही नाही असं सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नाही. आईचं दुखणंही जेवणानंतर पोट फुगण्यापासूनच सुरू झालं होतं. मी कुणाला बोलले नाही, पण माझी पुस्तकं कोणत्या मुलीला द्यायची आणि आईच्या पाटल्या कुणाला, हे मनाशी ठरवून ठेवलं होतं. एका सहशिक्षिकेनं पनवेलच्या वैद्यांचं नाव काढलं आणि नाताळच्या सुट्टीत शेवटचा उपाय म्हणून मी निघाले.

पनवेलचं पहिलं दर्शन मला आवडलं, हे कबूल करते. कौलारू घरं, मधेच आरशासारखी तळी, माडांच्या रांगा, आणि वाऱ्यावर खाडीचा आणि सुक्या मासळीचा वास. देशावरच्या नाकाला तो वास पहिल्यांदा चांगलाच झोंबतो. स्टँडवर एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं माझी पिशवी उचलली आणि पत्ता न विचारताच म्हणाला, "बसा बाईसाहेब, तशरीफ ठेवा. वैद्यांकडे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माणूस पोटावर हात ठेवून गाडीतून उतरला की आमचा घोडाही समजतो."

वैद्यबुवा साठीचे, उंच आणि कमी बोलणारे. नाडी पाहिली, जीभ पाहिली, बराच वेळ पोट दाबून पाहिलं, आणि मी काय काय खाते ते शांतपणे ऐकून घेतलं. मी जरा अभिमानानंच सांगितलं. मला वाटलं, आता पुड्या बांधतील. ते म्हणाले, "औषध नंतर. आधी थोडे दिवस आमच्याकडे राहा आणि आमच्याच घरी जेवा."

त्यांच्या माडीवर परगावच्या रोग्यांसाठी एक खोली होती. जेवणाचं सगळं त्यांच्या पत्नी पाहत. त्यांना सगळं गाव काकू म्हणे, मीही म्हणू लागले. जाड्या, हसऱ्या, आणि वाढायला उभ्या राहिल्या की समोरच्याला 'पुरे' म्हणू देणार नाहीत अशा.

वैद्यबुवांची रीत मला फार आवडली. ते एका वेळी एकच गोष्ट बदलत. आधी कच्चे मूग बंद करून शिजवलेले, आलं-जिऱ्याचे दिले. पोटाचा ताण थोडा उतरला. मग दूध बंद केलं. काही फरक पडला नाही, तेव्हा दूध परत सुरू केलं. मग कोशिंबीर बंद केली. "चार जणांना एकदम पकडलं तर चोर कोण ते कळत नाही," ते म्हणत. मी आजवर किती जणांचे सल्ले ऐकले असतील, पण इतक्या धीरानं शोध घेणारा माणूस पाहिला नव्हता.

तरी चोर पुरता सापडेना. जेवण झालं की पोट फुगतच होतं, पूर्वीपेक्षा कमी, एवढंच. आणि दिवसागणिक माझ्या मनातली गाठ मोठी होत होती. शेवटी एका दुपारी मी विचारून टाकलं, "वैद्यबुवा, खरं सांगा. माझ्या आईसारखंच आहे ना?"

त्यांनी मला पुन्हा तपासलं. म्हणाले, "माझ्या हाताला गाठ लागत नाही. पण नुसत्या 'नाही'वर तुमचा विश्वास बसायचा नाही. पोट का फुगतं ते हाती लागलं तरच बसेल."

माणसानं इतकं नेमकं ओळखावं याचं मला रडू आलं. ते आवरायला मी फिरायला बाहेर पडले. खाडीच्या अंगाला मिठागरं आहेत. चौकोनी वाफ्यांत समुद्राचं पाणी आणून उन्हात आटवतात. बायका-पुरुष गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून मिठाच्या राशी ओढत होते. दुरून कर्नाळ्याचा सुळका अंगठा वर करून उभा होता. एवढ्या उन्हात ती माणसं एकमेकांच्या खोड्या काढत काम करत होती. ते बघून माझा जीव जरा भांड्यात पडला.

परतले तर मागच्या दारी चांगुणाबाई बसली होती. ती सुकापूरची शेतकरीण. एक दिवसाआड डोक्यावरच्या पाटीत भाजी घेऊन काकूंकडे यायची. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुमी देशावरच्या ना? पोपटी खाल्लीव का कदी?"

मी नाही म्हटलं. पोपटी म्हणजे वालाच्या ओल्या शेंगा, एरवी कोंबडी-अंडीही, मडक्यात भरून शेतात भाजायच्या. थंडीतला इकडचा मोठा सोहळा.

"मंग आज चला आमच्या शेतावर. शाकाहारी करू, तुमच्यासाटी."

वाल! माझ्या पोटात! मी दाराशी आलेल्या वैद्यबुवांकडे पाहिलं. ते नकार देतील अशी माझी खात्री होती.

"अवश्य जा," ते म्हणाले. "आणि पोटभर खा. वालांचंही एकदा कळू दे."

ऊन उतरताना आम्ही सुकापुराकडे चालत गेलो. भात कापून झालेली शेतं, गाढी नदीचं पातळ झालेलं पाणी, पलीकडे माथेरानचा निळा डोंगर. चांगुणाबाईचा नवरा आणि शेजारची दोन घरं आधीच जमली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला (बांधावर उगवणारं एक उग्र वासाचं झुडूप) दाबून घातला, वर शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला गच्च बसवला. मडकं जमिनीवर उपडं ठेवलं आणि त्याच्याभोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून दिलं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. जाळ बसल्यावर चांगुणाबाईच्या नवऱ्यानं मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र आवाज आला. "झाली," तो म्हणाला.

कागदावर शेंगांचा ढीग पडला. त्या पाल्याचा, धुराचा आणि ओव्याचा मिळून जो वास आला तो माझ्यानं लिहून सांगता यायचा नाही. भूक अशी खवळली की मी मूठभर शेंगा पुढं ओढल्या आणि तशीच एक तोंडात कोंबली. जीभ पोळली, साल दातात अडकली. सगळे हसले.

"बाय, गारी चुकतंय का तुमची?" चांगुणाबाई म्हणाली. "शेंगा कुटं पलत नाय. आमी पन नाय पलत. फोरा, दाने कारा, मंग खा."

इलाजच नव्हता. एकेक शेंग फुंकून गार करायची, शिरेवर दाबून उघडायची, दोनतीन दाणे काढायचे, चावायचे. तोवर कुणीतरी काही बोलायचं. चांगुणाबाईनं आपल्या माहेरच्या, चिरनेरच्या गोष्टी सांगितल्या. तिच्या नवऱ्यानं नदीच्या पुरात वाहून चाललेली म्हैस कशी परत आली ते सांगितलं. सालींचा ढीग माझ्यासमोर सगळ्यांत मोठा झाला होता. परतीच्या वाटेवर निम्मं अंतर चालून आल्यावर माझ्या लक्षात आलं की लुगड्याची गाठ सैल करावी लागलेली नाही.

सकाळी वैद्यबुवांना सांगितलं. ते पाटावर सरसावून बसले.

"वाल खाऊन नाही फुगलं, आणि आमच्या मऊ भातानं फुगतं? मग अन्नाचा दोष नाही. काल वेगळं काय केलंत?"

मी आठवू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "मी सांगू का? राग मानू नका हं बाई. तुम्हाला आमटी वाढून मी भाताकडे वळते, तोवर तुमचं पान रिकामं. पहिल्या दिवसापासून बघतेय. उपाशी असतील म्हणून बोलले नाही."

वैद्यबुवांनी मान डोलावली. "पोपटी घाईनं खाताच येत नाही. तुम्ही एरवी घास चावत नाही, गिळता. बरोबर वाराही गिळता. त्यात कच्चे मोड. थोडं त्यांचं, बाकी सगळं या घाईचं." मग थांबून त्यांनी विचारलं, "ही घाई कधीपासून?"

मला लगेच कळलं, आणि मी ते सांगितलं. आईच्या शेवटच्या दिवसांत घरात आम्ही दोघीच. मी ताट हातात घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहायची. कळ आली की ती हाक मारायची. ती हाक यायच्या आत जेवढं पोटात जाईल तेवढं माझं. ती गेली, पण माझं ते जेवण तसंच राहिलं.

त्या दुपारी काकूंनी वैद्यबुवांना आधी वाढलं, मग दोन पानं शेजारीशेजारी मांडली आणि माझ्याबरोबर बसल्या. मी भराभर खाऊ लागले की त्या मला काहीतरी विचारायच्या. त्यांच्यासारखं वाढणं मला जमणार नाही, पण त्यांच्यासारखं शेजारी बसणं जमलं तर मी स्वतःला भाग्यवान समजेन.

निघताना वैद्यबुवांनी ओव्याची एक पुडी दिली. "ही नुसती मनाच्या समाधानासाठी," ते म्हणाले. टांगेवाल्यानं मला स्टँडवर सोडलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि दाढीतल्या दाढीत हसला. माझा हात पोटावर नव्हता.

कराडला पोचले, कुलूप काढलं, मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. जेवायला बसले ती आईच्या खोलीच्या दारासमोर, पाटावर, मांडी घालून. पहिल्या घासालाच कान तिकडे गेले. मी घास चावत राहिले. दुसरा घेतला, तोही चावला. आतून हाक आली नाही. ती आता कधीच येणार नाही, हे इतकी वर्षं ठाऊक असूनही मला जेवताना पहिल्यांदा कळलं. भात निवेपर्यंत मी रडले. मग डोळे पुसून तो निवलेला भात सावकाश संपवला.

पोट फुगलं नाही.