पदूच्या पडवीतल्या सायकली

सुकऱ्याला सायकल चालवता येत नव्हती. एकदा कुणाच्या तरी आग्रहाखातर तो बसला आणि थेट निवडुंगात जाऊन पडला. त्यानंतर त्यानं सीटवर बसण्याचं नाव काढलं नाही. पण चंदेरीच्या डोंगराखालच्या त्या वाडीत सायकलींवर त्याच्याइतका जीव कुणाचाच नव्हता, आणि सायकलींपायी त्याच्याइतकं कुणी जळलंही नाही.

तेव्हा अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरची कारखान्यातली नि कॉलेजातली पोरं डोंगरावर मुक्कामाला येत. शनिवारी दुपारी सायकली हाणत यायचं, वरच्या गुहेत रात्र काढायची, पिठलं-भात रांधायचा, गळे काढून गाणी म्हणायची आणि रविवारी उन्हं कलायच्या आत उतरायचं. सायकल काही डोंगर चढत नाही. ती खालीच ठेवावी लागते, आणि इथंच घोडं पेंड खायचं. पहिल्या पहिल्यांदा पोरं आंब्याच्या बुंध्याला साखळी घालून सायकली बांधून जात. एका रविवारी खाली येऊन बघतात तो साखळी जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी, आणि त्यात अडकवलेला नुसता एक सांगाडा. बाकीच्या सगळ्या पसार. त्यातल्या एका पोरानं दाजींची सायकल मागून आणलेली होती. ते जे रडायला बसलं ते उठेना. सुकऱ्या तेव्हा लाकडाची मोळी घेऊन रानातून येत होता. त्याला ते बघवलं नाही.

"पुढल्या येळंला माज्या अंगनात ठेवा," तो म्हणाला. "गेली तर माजी मान कापा."

पोरांनी ठेवल्या, आणि सुकऱ्याची मान शाबूत राहिली. त्याची रीतच तशी होती. भात झोडून झालं की अंगणात पेंढ्याची उडवी रचतात. ती सगळेच रचतात, पण सुकऱ्या पोटातून पोकळ रचायचा. त्या पोकळीत सायकली एकीला एक खेटून उभ्या करायच्या, तोंडावर पेंढ्या लावायच्या, वरून बाभळीची काटेरी फांदी टाकायची. कुणी अंगणात उभं राहून विडी ओढली तरी आपल्या हाताभरावर एवढ्या सायकली आहेत हे त्याला कळायचं नाही. वाडीत पोलीस आले असते तर त्यांनाही मिळाल्या नसत्या. सुकऱ्या स्वतः उडवीला पाठ लावून झोपे.

पोरं बदल्यात चहापूड आणत, गूळ आणत. एकानं त्याला टॉर्च दिली, एकानं थंडीचा स्वेटर. पण खरं सांगायचं तर सुकऱ्याला त्याचं काही नव्हतं. त्याला हवं होतं ते दुसरंच. वर चढताना ती शिकलेली, पॅंटवाली पोरं मागं वळून ओरडत, "सुकऱ्यादादा, सायकली तुझ्या जिवावर हां!" ते वाक्य ऐकलं की त्याची छाती पुढं यायची. जन्मभर लोकांनी त्याला लाकूड तोड, चर खण, बाजूला हो एवढंच सांगितलं होतं. 'तुझ्या जिवावर' असं त्याला दुसरं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

आणि मग पदूनं पडवी बांधली.

पदू हा सुकऱ्याचा चुलतभाऊ, वयानं लहान. दोघांची घरं समोरासमोर, मधे एक चिंच. पदू बदलापूरला एका कंपनीत हमालीला लागला होता, तिथून जुने पत्रे घेऊन आला. त्यानं पडवीला तीन बाजूंनी पत्रे ठोकले, चौथ्या बाजूला दार केलं, दाराला मुठीएवढं कुलूप लावलं. शाळेतल्या मास्तरांकडून पाटी रंगवून घेतली: 'सायकली ठेवण्याची उत्तम सोय'. त्यातला 'उत्तम' सुकऱ्याला वाचता येत नव्हता. तो काय आहे हे कुणीतरी सांगितलं, आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

तरी पोरं लगेच फुटली नव्हती. फुटली ती उंदरांपायी. पेंढ्यात उंदीर असणारच. एका थंडीत उंदरांनी दोन सीटा कुरतडून आतला काथ्या बाहेर काढला. शिवाय पेंढ्याचं कुसळ साखळीत अडकायचं, तेलात चिकटायचं, आणि घरी जाईपर्यंत पोरं पँट खाजवत राहायची. पुढच्या शनिवारी पोरं आली, सुकऱ्याला रामराम केला, त्याच्या अंगणात पाणी प्याली आणि चिंचेपलीकडं गेली.

"पोरास्नी फितवली त्यानं," सुकऱ्या बायकोला म्हणाला.

तानी तांदूळ पाखडत होती. ती तोंडाची फटकळ आणि मनाची सरळ. "शीट उंदरानं खाल्ली," ती म्हणाली, "पदूनं नाय."

बायकोनं खरं बोलावं, पण इतकं लगेच बोलू नये. सुकऱ्या दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. शनिवारी घंट्यांची ट्रिंग ट्रिंग ऐकू आली की तो उठून घरात जायचा, आणि घरात जाऊन कुडाच्या फटीतून बघायचा. आज लाल सायकल आली. आज ती बारक्या चाकांची आली. पदू पुसतोय. पदूची बायको सरू पोरांना ताक देतेय. आपल्या घरी कुणी कधी ताक दिलं नाही म्हणून मग तानीवर राग. पदूला ताप आला तेव्हा सुकऱ्या रानातून पाला आणून देऊन आला खरा, पण परत येताना कुलूप कसं आहे ते बघून आला. पदू मात्र होता तसाच. सणाला पहिली भाकर दादाकडं पाठवायचा. त्याचाही सुकऱ्याला राग यायचा, कारण समोरचा वाईट वागला असता तर निदान जळायला तरी बरं पडलं असतं.

सुकऱ्या रोज मनात एकच गोष्ट घोळवायचा. एकदा, फक्त एकदा, त्या पत्र्याच्या पडवीतून सायकली जाव्यात. मग येतील पोरं, डोक्याला हात लावतील आणि म्हणतील, सुकऱ्यादादाकडं होतो तेच बरं होतं.

माघातल्या एका मंगळवारी दुपारी मोटरसायकलवरून दोन माणसं वाडीत आली. एक उंच, जाड मिशांचा. दुसरा गोरा, ठेंगणा, डोळ्यांवर काळा गॉगल. सुकऱ्या अंगणात सुंभ वळत बसला होता. वाडीतलं पहिलं घर त्याचं, म्हणून ते त्याच्याचपाशी थांबले.

"काय हो, इथं मुक्कामाला येणारी पोरं सायकली कुठं ठेवतात?" मिशीवाल्यानं विचारलं.

सुकऱ्याचे कान उभे राहिले. "कशापायी?"

"असंच. दार पक्कं आहे का? कुलूप कसलं आहे?"

"और रात को कोण झोपतो उधर?" गॉगलवाला म्हणाला. "कुत्ता आहे काय? भुंकतो काय?"

"टेंपो घरापर्यंत येतो का?" मिशीवाल्यानं विचारलं. "की लांब उभा करावा लागतो?"

कुलूप, राखणदार, कुत्रा, टेंपो. सुकऱ्या काही कालचं पोर नव्हता. सज्जन माणूस कुत्रा भुंकतो का असं विचारत नाही. त्याच्या हातातलं सुंभ थांबलं. आता ओरडावं, वाडी गोळा करावी, हे त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात समोर पदू पडवीबाहेर येऊन पाटीवरची धूळ फडक्यानं पुसायला लागला. उत्तम सोय!

सुकऱ्यानं हनुवटीनं चिंचेपलीकडं दाखवलं.

"तकडं ठेवतात. तो पदू. त्याच्याकडंच समद्या," तो हळू आवाजात म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवेना. "कुत्रा हाय, पर शहरातल्या मानसावर भुकत नाय. पदू झोपला की मेल्यावानी झोपतो. टेंपो पार दाराशी येतो. शनवारी या. शनवारी पडवी भरलेली आसती."

"तुमच्याकडं नाही ठेवत कुणी?"

"माज्याकडं काय हाय? पेंढा," सुकऱ्या म्हणाला.

मिशीवाल्यानं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं, हात जोडले आणि ते निघून गेले.

मंगळवार ते शनिवार सुकऱ्याला अन्न गोड लागलं नाही, आणि भूकही लागली नाही. मधेच त्याला हसू यायचं, मधेच घाम फुटायचा. दोनदा तो पदूला सांगायला उठला. एकदा चिंचेपर्यंत गेला. तिथं पदू त्याला बघून म्हणाला, "दादा, ये ना, नवी साखळी आनली, बघ कशी हाय." सुकऱ्या तसाच परत फिरला. नवी साखळी म्हणे!

शनिवारी दुपारी खालच्या वळणावर टेंपोचा आवाज आला. सुकऱ्याला वाटलं होतं हे लोक अंधार पडल्यावर येतील. दिवसाढवळ्या येण्याइतके निर्ढावलेले असतील असं त्याला वाटलं नव्हतं. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं त्याच्यानं आता धरवेना.

"आले बघ," तो तानीला म्हणाला. "आज पदूची पडवी फुटती. मीच दावली त्यास्नी."

"कुनाला?"

"चोरांना."

तानीच्या हातातलं सूप खाली पडलं. नवऱ्याकडं तिनं असं बघितलं, जणू वाडीच्या वाटेवर भेटलेला कुणी अनोळखी माणूस असावा. मग ती पदर खोचून धावत सुटली, "पदू, ए पदू!" करत. सुकऱ्या तिच्यामागं धावला. तिला अडवायला की पदूला वाचवायला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

टेंपो पदूच्या दाराशी उभा होता. त्यातून तंबू उतरत होते, पातेली उतरत होती, तांदळाचं पोतं उतरत होतं. आणि टेंपोमागून, धूळ उडवत, घंट्या वाजवत सायकली येत होत्या. एक, दोन, चार... सुकऱ्यानं मोजणं सोडून दिलं. वाडीनं इतक्या सायकली एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या.

मिशीवाला अंबरनाथच्या एका कारखान्यातला दौलतराव निघाला. तिथल्या कामगारांच्या सायकल मंडळाचा सेक्रेटरी. गॉगलवाला परसू सेठ, उल्हासनगरचा सायकलींच्या सुट्या भागांचा दुकानदार, मंडळाचा जुना मित्र. आदल्या वर्षी बारवी धरणाच्या काठावर मुक्कामाला गेले असताना त्यांच्या सायकली चोरीला गेल्या होत्या. म्हणून या खेपेला दोघं आधी येऊन सगळं खोदून खोदून विचारून गेले होते.

तानी जागच्या जागी थांबली. पदूनं मात्र सुकऱ्याला पाहिलं आणि धावत येऊन त्याला मिठीच मारली.

"दादा! तू धाडलंस यास्नी माज्याकडं! सायबांनी समदं सांगितलं मला."

"सांगणारच," दौलतराव पुढं येऊन म्हणाला. वाडीतली माणसं गोळा झाली होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलत होता. "अहो, हा माणूस स्वतः सायकली सांभाळायचा हे आम्हाला नंतर कळलं. आणि आम्ही विचारलं तर म्हणतो, माझ्याकडं काय आहे, पेंढा! भावाचं घर दाखवलं. कुत्रा पाहुण्यांना त्रास देत नाही हे सांगितलं, टेंपो दारात येतो हे सांगितलं, वार सांगितला. आमच्याकडं कारखान्यात सख्खा भाऊ भावाला ओव्हरटाइम मिळू देत नाही."

त्यानं डोंगराची पूजा करायला आणलेल्या नारळांतला एक काढून सुकऱ्याच्या हातात ठेवला. पदूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला वाटत व्हतं दादा माज्यावर जळतो," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "सरूला कितींदा तसं बोललो मी. चुकलो, दादा. ह्यातल्या निम्म्या सायकली तुज्याकडं. तुज्या उडवीत."

सुकऱ्या नारळ हातात धरून उभा होता. ज्यासाठी तो इतके महिने जळला ते त्याला मिळत होतं, आणि तेही पदूच्याच हातून. त्याला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोला, त्या लाजेच्या बुडाशी अजूनही थोडी जळजळ होती. मिठी मारायलासुद्धा हाच पुढं!

"मी चोर समजलो व्हतो तुमाला," तो एकदम बोलून गेला. "चोर समजून धाडलं पदूकडं. पडवी फुटावी म्हनून."

मग परसू सेठनं गॉगल कपाळावर सरकवला, आणि "अरे, मेरा चष्मा देखके!" म्हणत असा खदखदून हसला की दौलतरावही हसला, सायकलवाली पोरं हसली, सगळी वाडी हसली. पदू तर हसून हसून डोळे पुसत होता. "दादा पयल्यापासून असाच," तो म्हणत होता. "कुनी चांगलं म्हटलं की कायतरी उलटंच बोलनार!"

सुकऱ्यानं पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण त्या हसण्यात त्याचं कुणाला ऐकू गेलं नाही.

तानी तेवढी हसली नाही. ती पुढं आली, नवऱ्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि सगळ्यांसमोर सरूच्या ओटीत घातला.