‘स’ची शिट्टी

दातवाल्या काकूंचं काम तोंडात मावणारं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि काकू मेणात एकेक दात रोवून कवळी घडवायच्या. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. कान तेवढे रिकामे. पुतणीनं त्यांच्या फोनवर ऐकायची पुस्तकं लावून दिली आणि कानांचीही सोय झाली.

चार वर्षांत काकूंनी कपाटभर पुस्तकं ऐकली. ऐकलं की अभिप्राय लिहायच्या, तोही भीडभाड न ठेवता. पुस्तक वाचून ऐकवणाऱ्या एका नव्या वाचकाला त्यांनी सुनावलं होतं, ‘रडायचं काम आमचं. तुम्ही फक्त वाचा.’

त्यांचा सगळ्यात आवडता वाचक साठीच्या पुढचा होता. त्याच्या आवाजात दीपगृहावरच्या एका कुटुंबाची लांबलचक कादंबरी त्या ऐकत होत्या. अकरा प्रकरणं लोण्यासारखी गेली. बाराव्यात ‘समुद्र’ शब्द आला आणि मागोमाग बारीक शिट्टी वाजली. ‘सांज’ला वाजली, ‘सासू’ला तर दोनदा वाजली. काकूंनी हातातली कानस खाली ठेवली.

इतर श्रोत्यांनी तोवर ताशेरे ओढले होते. ‘म्हातारा थकला.’ ‘आता घरी बसवा.’

“थकला म्हणे!” काकू पुतणीपाशी तडकल्या. “थकलेल्या माणसाचा आधी श्वास तुटतो. यांचा श्वास ऐक, पानभर पुरतो.” आणि त्यांनी लिहून टाकलं: ‘आवाज ठणठणीत आहे. वरचे पुढचे दात नवे बसवलेत आणि ते मागून जाड राहिलेत.’

पुतणीनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. “काकू, चारचौघांत माणसाचे दात काढता?”

काकू ओशाळल्या. पोरीचं खरं होतं. तो अभिप्राय पुसून त्यांनी तेच पुस्तकं काढणाऱ्या कंपनीला खासगी पत्रात लिहिलं, खाली फोन नंबर दिला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आवाज ऐकताच काकू खुर्चीत ताठ बसल्या.

“माझ्या दातांबद्दल लिहिणाऱ्या तुम्ही कोण?” वाचक महाशयांनी जरा घुश्शातच विचारलं.

“दातच बनवते मी. तीस वर्षं झाली.”

पलीकडचा आवाज खाली आला. “पुढचं पुस्तक दुसऱ्याला देणार म्हणतात. मला वाटलं, संपलं आपलं.”

“काही संपलं नाही. म्हणा, ‘सहा सासवा सुया शोधतात.’”

त्यांनी म्हटलं. चार शिट्ट्या वाजल्या.

“आता ‘फळी’, ‘फावडं’, ‘वावर’.”

ते शब्द स्वच्छ आले.

“दात खालच्या ओठाला नीट टेकतायत, म्हणजे लांबी बरोबर आहे. मागची जाडीच नडतेय. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या.”

दोन दिवसांनी ते चिठ्ठी घेऊन आले. उंच, अबोल गृहस्थ. दात काढून देताना रुमाल तोंडावर धरून उभे राहिले. काकूंनी मुद्दामच त्यांच्याकडे पाठ केली. केसभर घासायचं, धुवायचं, द्यायचं. ते लावून म्हणायचे, शिट्टी यायची, पुन्हा घासायचं. पाचव्या खेपेला सहाही सासवा निमूटपणे सुया शोधून गेल्या. गृहस्थ आरशासमोर उभे राहून ‘समुद्र, समुद्र’ म्हणत राहिले आणि मग गडगडून हसले.

बाराव्यापासून पुढची प्रकरणं त्यांनी नव्यानं वाचून दिली. पुढचं पुस्तकही त्यांच्याकडेच राहिलं. ‘गडी परत रंगात आला,’ असं लोकांनी लिहिलं. काय झालं होतं ते कुणाला कळलं नाही, काकूंनी कळू दिलं नाही.

कादंबरी संपल्यावर काकूंनी पाचातले चार तारे दिले. तासाभरात फोन आला.

“एवढं सगळं करून एक तारा कापलात?”

“बायकांचे संवाद म्हणताना तुम्ही नाकात बोलता,” काकू म्हणाल्या. “दात माझ्या हातातले होते, ते केले. नाकाचं तुमचं तुम्ही बघा.”