बेदाण्याच्या शेडवरची कादंबरी

"मावशी गेल्या... आन् पुस्तक अर्ध्यातच ऱ्हायलंय." तासगावहून, मावशीच्या शेडवरच्या अंजनाबाईंचा फोन आला तो असा. एका दमात दोन बातम्या, आणि दोन्हींचं दुःख सारखंच. शालनमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, हे ऐकून पोट धरून हसली असती. मलाही रडता रडता हसू आलं.

मावशी बेदाण्याच्या शेडवर मुकादम होती. बायका बेदाणा निवडायच्या आणि ही स्टुलावर बसून मोठ्यानं कादंबरी वाचायची. प्रेमकथा तिला चालत नसत. बेचाळीसच्या भूमिगतांवरच्या कादंबऱ्याच हव्यात. त्यातली एक फार लाडकी, दर हंगामात व्हायचीच. नायक उसात लपतो, गावकरी इंग्रजांचं कोर्ट झुगारून पारावर स्वतःच न्याय करतात... ऐन रंगात आल्यावर मावशी पुस्तक मिटायची. "बाकीचं उद्या. खाडा करंल तिला सांगायचं न्हाई."

ते पारावरचं कोर्ट बायकांच्या डोक्यात असं बसलं की पहिल्याच वर्षी त्यांनी शेडमालकालाच जेवणाच्या सुट्टीत समोर उभं केलं. आरोप असा की, एवढ्या बायका कामाला आणि संडास नाही. न्यायाधीश अर्थात मावशी. मालकही रोज दाराआडून कादंबरी ऐकायचा, त्यामुळे आपण कोणत्या पात्राच्या जागी उभे आहोत हे त्याला लगेच कळलं. "बांधतो, आवं बांधतो," तो म्हणाला, "पर त्यो गडी शेवटाला सापडतो का, तेवडं सांगा."

"आदी संडास," मावशी म्हणाली, "मंग शेवट."

संडास झाला. कोर्ट अजूनही भरतं. आणि तो गडी कधीच सापडत नसे. गोळ्या चुकवत कृष्णा पोहून पलीकडे जाई. हा शेवट मीही लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकलेला.

दिवसकार्य उरकल्यावर उरलेलं वाचायला बायकांनी मला साताऱ्याहून बोलावून घेतलं. पुस्तकाची पानं बेदाण्याच्या हातांनी चिकट झालेली, शेवटचं प्रकरण मात्र कोरं करकरीत. वाचत गेले आणि मध्येच थांबले. छापलेल्या पुस्तकात तो पोहतच नाही. काठावरच त्याला गोळी लागते.

 आता हे वाचलं तर मावशी सगळ्यांपुढे खोटी पडणार, आणि तिचा गडीही जाणार.

अंजनाबाईंनी निवडणारे हात थांबवले नाहीत. "आमाला म्हाईत हाय, पोरी. माज्या लेकीनं कवाच वाचून दावलं हुतं."

"मग मावशीला बोलला नाहीत?"

"कशाला? त्येला पलीकडं नेताना तिचं त्वांड बघायचं हुतंस... वाच तू. पर मावशीवानी वाच."

मावशी मला त्या क्षणी इतकी आवडली की काय सांगू. मी पुस्तकावरून नजर काढली आणि त्याला सरळ नदीत उतरवलं. तो पलीकडे पोचला तेव्हा दाराआडून मालकानं समाधानानं नाक शिंकरलं.

पुस्तक तिथंच आहे, मावशीच्या स्टुलावर. दर हंगामात वाचायला मीच जायचं, असं कोर्टानं ठरवलंय. शेवटची पानं अजून कोरी करकरीत आहेत.