हे बी बाईच

"हे बी बाईच हाय, सर!" कात्रीचं टोक धोतराला पुसत ते म्हणायचे आणि वर्गातल्या मुली मान खाली घालून हसायच्या.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते. दर्यापूरकडचे, चौथी शिकलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. मी तिथे नुकताच शिकवायला लागलो होतो.

पावसाळ्यात तुम्ही कुंडी उचलली असेल, तर गांडुळासारखा दिसणारा, काळा, चकचकीत वाळा पाहिलाच असेल. हा निरुपद्रवी, जवळजवळ आंधळा साप मामा प्रयोगांसाठी आणत आणि चिरलेला प्रत्येक निरखून पाहत. चार वर्षांत त्यांना एकही नर सापडला नव्हता.

"मंग पिल्लं कशी होऊन राहिली, सर?"

"नर लपून बसत असतील, मामा," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. अंड्यातून नुकतंच निघालेलं एक पिल्लू त्यांनी बरणीत, मातीत एकटं ठेवलं. त्याला मुंग्यांची अंडी खाऊ घालायला ते सुटीतही सायकलने येत. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी माझा हात धरून मला बरणीपाशी नेलं. मातीत तांदळाच्या दाण्यांसारखी तीन अंडी होती. पुढे त्यांतून पिल्लं निघाली, तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी ते सगळं इंग्रजीत लिहून काढलं. "पहिलं नाव तुमचं, मामा."

त्याच सुमारास एका परदेशी शास्त्रीय मासिकाच्या अंकात आलं होतं, की रशियाकडच्या काही डोंगरी सरड्यांत नरच नसतात. माद्याच माद्यांना जन्म देतात. आमच्या विभागप्रमुखांनी तो अंक वाचला होता. त्यांनी माझा कागद दोनदा पाहिला. "शिपायाचं नाव कोण छापेल? आणि तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय ना?"

मामांचं नाव खोडून मी तिथे विभागप्रमुखांचं घातलं. त्याखाली माझं.

लेख छापून आला. मामांनी कुणाकडून तरी आपल्या नावाची इंग्रजी अक्षरं शिकून घेतली होती. ओळीओळीवर बोट फिरवत ते शेवटच्या पानापर्यंत गेले.

"माह्यं नाव कुठी हाय, सर?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"साहेबाले मी वळखत नवतो," ते म्हणाले. "तुमाले वळखत होतो."

महिन्याभरात त्यांनी अकोल्याला बदली मागून घेतली.

दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला सतरंजी घातली, कपाशीची खबर सांगितली, लेकीच्या लग्नाचं सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"चहा निवून राहिला, सर."

मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या."

आमची ती शेवटची भेट. निघालो, तेव्हा फाटकापर्यंत वाटत होतं, ते हाक मारतील. मागे दाराची कडी लागली.