सेटटॉप बॉक्सवरचा रुमाल

मानपाड्याच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरवर डबे काढतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची बाहेरची खोकी. स्क्रू कुठे बसणार, वायर कुठून निघणार, हवेसाठी जाळी कुठे, एवढंच माझं काम. आतलं सगळं दुसऱ्या टीमकडे, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझं लग्न जुळवायला निघालेल्या मावशीने कल्याणच्या मंडळींना सांगून ठेवलेलं, "मुलगा इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे."

त्यामुळे मुलगी बघायला गेलो तर पोह्यांच्या आधी सेटटॉप बॉक्स पुढे आला. "अर्धा तास चालतो आणि बंद पडतो," मुलीचे वडील म्हणाले. "जरा बघता का?"

तेव्हाच नाही म्हणायचं. पण मुलगी दारात उभी होती, आणि मी स्क्रूड्रायव्हर मागितला.

झाकण उघडण्यात माझा हात कोणी धरणार नाही. स्क्रू बशीत ओळीने मांडले, झाकण अलगद उचललं आणि आतल्या हिरव्या पाटीकडे गंभीर चेहऱ्याने बघत बसलो.

"काय झालंय?" मुलीने विचारलं.

"बघतोय."

मुलीचे वडील पुढे वाकले. "कंपनीत हेच करता ना?"

"मी फक्त झाकण करतो," शेवटी म्हणालो. "आतलं मला येत नाही."

मावशीला ठसका लागला. मुलगी हसली आणि समोर येऊन बसली. "मग झाकणाचं तरी सांगा."

झाकण उलटं केलं. जाळीत रंगीत दोऱ्यांची कुसं गच्च बसलेली. "यावर काही घालता का?"

तिच्या आईने शोकेसमधून भरतकामाचा जाड रुमाल आणला.

"हा काढा. हवा कोंडते, मग तापून बंद पडत असणार."

"हिनेच भरलाय तो," आई म्हणाली.

मोर फार सुंदर आहे, असं मी लगेच म्हणालो. ते बदक होतं.

जाळी साफ करून बॉक्स पुन्हा लावला आणि सगळे टीव्हीसमोर बसलो. कुठलीशी मालिका होती, कोणाचंच लक्ष नव्हतं. अर्धा तास उलटला तरी टीव्ही चालूच. "मुलगा हुशार आहे," वडील म्हणाले. दोन दिवसांनी होकार आला.

आता सासरी गेलो की शेजारपाजारचे मिक्सर, इस्त्र्या माझी वाट बघत असतात. मी झाकण उघडतो, चेहरा गंभीर करतो. मग बायको मागून सांगते, "काका, हे स्टेशनजवळच्या दुकानात न्या."