होकाराचे तत्त्वज्ञ

गुल्हाने सरांनी आयुष्यात एकही चूक कबूल केली नाही. त्यासाठी त्यांच्याकडे तत्त्वज्ञान होतं. आष्टीच्या कॉलेजात ते तोच विषय शिकवत, मी मराठी. आठवडी बाजारात एकदा त्यांनी स्कूटर भाजीवालीच्या टमाट्यांवर घातली आणि वर तिलाच समजावलं, "हे होनारच होतं, बाई. मानसाच्या हातात काई नसते." वर्गात उशिरा आलेल्या पोराला मात्र ते हाकलून देत. त्याच्या हातात सगळं असायचं.

मुलीचं, प्रणालीचं लग्न त्यांनी तळेगावच्या एका कापडवाल्याकडे परस्पर ठरवलं. साखरपुड्याला मी होतो. पाहुण्यांसमोर सरांनी ऐटीत विचारलं, "बेटा, तुही मर्जी हाय ना?"

"इच्छा आपली नसतेच म्हन्ता ना बाबा तुम्ही?" ती म्हणाली. "मंग मले इचारता काऊन?"

"रीत असते. हो म्हन."

"नाई."

सर हसले. "हे तिचं बोलनं नाई. नागपूरच्या होस्टेलात भरवलं कोनीतरी."

म्हणजे होकार दिला असता तर तो तिचा. नकार दिला तर होस्टेलचा. इतकं सोयीचं तत्त्वज्ञान मी दुसरीकडे पाहिलं नाही. लग्न मोडलं. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि ती वर्ध्याला नोकरीला लागली.

गेल्या वर्षी साखरेच्या आजारानं सरांचा पाय काळा पडला. गुडघ्याखाली कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सर म्हणाले, "मले नाई कापाचा." त्यांचा मुलगा निखिल तरीही ऑपरेशनच्या कागदावर सही करायला निघाला. डॉक्टरांना म्हणाला, "दुखन्यात काईबी बोलून राह्यले ते. त्याईचं काय ऐकता?"

तेवढ्यात प्रणाली आली. एवढ्या वर्षांनी बापाच्या उशाशी बसून तिनं सरळ सांगितलं, "पाय ठेवला तर तुम्ही वाचनार नाई, बाबा. समजते ना?"

"समजते."

"मंग काय कराचं?"

सरांनी चादर सारून पाय एकदा पाहिला. "नाई कापाचा," ते म्हणाले.

तिनं निखिलच्या हातातून पेन काढून घेतलं. "नाई म्हन्ले ते."

सर महिन्याच्या आत गेले. पोरीनं बापाला मारलं, असं आष्टीत अजून बोलतात. मला तसं वाटत नाही. एवढंच वाटतं, की तिनं त्यांना जेवढा मान दिला, तेवढी त्या माणसाची लायकी नव्हती.